तळव्याला तळवा

१

रोज दुपारी तीन वाजता मी उपकेंद्राच्या मागच्या खोलीत खुर्ची ओढायचे, घमेल्यातली ज्वारी हातानं सारखी करायचे आणि डावा पाय त्यात ठेवायचे. वीस मिनिटं. समोरच्या भिंतीवर कुटुंबकल्याणाचं कॅलेंडर होतं. त्याच्याकडं बघत बोटं हळूहळू हलवायची, दाण्यांत पाय घोळवायचा. परभणीच्या डॉक्टर खळीकरांनी सांगितलेला हा उपचार होता आणि मी तो गोळीसारखा नेमानं घेत होते.

मी पंचफुला. ताडकळसपासून चार किलोमीटरवरच्या एका वाडीत नर्स होते. माझ्याकडं पाच गावं होती आणि लसीचा डबा खांद्याला अडकवून ती मी चालत करायचे. १९८८ च्या जानेवारीत ताडकळसच्या बाजारात एक बैलगाडी मागं सरकली आणि तिचं लोखंडी धावेचं चाक माझ्या पायावरून गेलं. ऑपरेशन झालं. हाडं तारेनं बांधली, ती जुळली, जखम भरली. एक्स-रे बघून डॉक्टर खूश होते. पण टाके सुकल्यावर जी आग सुरू झाली ती थांबेना. चादरीचा काठ लागला तरी पाय विस्तवावर पडल्यासारखा. पंख्याचा वारासुद्धा सोसवेना.

"हाड बरं झालं बाई, शीर अजून घाबरलेलीय," डॉक्टर म्हणाले. "शीर दुखावली की खोटं बोलायला लागते. कापूस लावला तर म्हणते सुई टोचली. तिला हळूहळू परत खरं शिकवायचं."

म्हणून आधी कापूस, मग खरबरीत टॉवेल, मग तांदूळ, आणि आता ज्वारी.

उपकेंद्रात माझ्याबरोबर दाई म्हणून धुरपताबाई होती. साठीची, वाडीतल्याच एका शेतकरी घरातली. मी रुजू झाले तेव्हा पहिली दोन वर्षं ती माझ्या माठातलं पाणी पीत नव्हती. "उपास हाय," म्हणायची, रोजच उपास. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत माझ्या माहेरची वस्ती जळाली होती, त्यामुळं मीही कुणाला आग्रह करत नसे. मग एका अडलेल्या बाळंतिणीपाशी आम्ही दोघी सोळा तास एका खोलीत राहिलो. बाळ रडल्यावर धुरपतानं घाम पुसला, माझाच तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायली. त्यानंतर तो विषय निघाला नाही. ऑपरेशननंतर माझा पाय मांडीवर घेऊन तेल लावणारी तीच होती. मी तिला मावशी म्हणायचे.

२

मे महिन्याचे शेवटचे दिवस. पत्र्याखाली बसवत नव्हतं. मी पाय ज्वारीत ठेवला, डोळे मिटले आणि बोटं खाली रोवली. पाय आत गेला. आणखी आत गेला.

घमेलं चार बोटं खोल. तळवा बुडाला टेकायला हवा होता. तो टेकला नाही. मी जरा जोर दिला तसा पाय आणखी खाली गेला, आणि खाली गार लागलं. रांजणाखालची वाळू लागते तसं, ओलं गार.

मी डोळे उघडले. पाय घमेल्यातच होता. ज्वारी घोट्याच्या खालीच होती, रोजच्याइतकीच. पण तळवा मात्र लोंबत होता, विहिरीच्या काठावर बसून पाय सोडावा तसा.

झटकन बाहेर काढला. पाय कोरडा. दोन दाणे बोटांच्या बेचक्यात अडकले होते, तेही कोरडे.

मी ज्वारी चादरीवर ओतली. बाळाची लांबी मोजायची टेप आणून घमेलं मोजलं. आठ सेंटीमीटर. बुडाला एक चेमटलेला खड्डा, बाकी काही नाही. मला हसू आलं. शीर खोटं बोलते हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. माझी शीर जरा जास्त बोलायला लागली होती, एवढंच.

शनिवारी हे आले. माझे यजमान रंगनाथ झरीला शाळेवर शिक्षक होते, शनिवारी येऊन सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं.

"पाय विहिरीत अन् तू खुर्चीत?" ते हसले. "डॉक्टरांना सांग. गोळी बदलून देतील."

"सांगते."

"आणि गावात बोलू नको. उद्या कुणीतरी लिंबू घेऊन येईल."

तेही मला पटलं.

३

आठेक दिवस पाय तसाच लोंबत राहिला. मग एका दुपारी खाली काहीतरी टेकलं.

मला वाटलं, सुटले, बूड सापडलं. पण बूड पत्र्याचं असतं. हे मऊ होतं. मऊ, गार, आणि त्याला आकार होता. टाचेला टाच लागली होती, चवड्याला चवडा. माझा अंगठा ज्याला लागला होता तो अंगठाच होता, कारण मी दाबला तेव्हा त्यानं उलट दाबलं.

आणि दुखणं थांबलं.

ज्याला असलं दुखणं झालेलं नाही त्याला हे कळणार नाही. कमी झालं नाही, थांबलं. चार महिने रात्रंदिवस कानाशी कुणीतरी थाळी वाजवावी आणि एकदम हात आवरावा, तसं. खोलीतले आवाज मला नव्यानं ऐकू आले. बाहेर कोंबडी माती उकरत होती. कुणाच्या तरी अंगणात उखळात काहीतरी कुटत होते. मी रडायला लागले. घाबरायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी मी वीस मिनिटांऐवजी तासभर बसले. खालचा तळवा हलला नाही. भिंतीला टेकून उभं राहावं तसा माझ्या तळव्याला टेकून राहिला. म्हणजे कुणीतरी माझ्याखाली उभं होतं, डोकं खाली, पाय वर, ज्वारीच्या पलीकडं. हा विचार मनात आला तेव्हा मी कॅलेंडरावरच्या हसऱ्या कुटुंबाकडं बघितलं आणि स्वतःला समजावलं: ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की कापून टाकलेला पायसुद्धा माणसाला खाजतो. नसलेला पाय जर खाजू शकतो तर नसलेला तळवा का लागणार नाही? मेंदूचं काम आहे. बिचाऱ्यानं दुखण्यावर उपाय शोधला.

हे मी इतक्या नीट समजावलं की मला दुसऱ्या दिवशी तीन वाजायची वाट बघवेना.

४

जुलैत मी परत गावं करायला लागले. लोक ओट्यावरून हाका मारायचे, "सिस्टरबाई, पाय बरा झाला वाटतं!" मी हसून मान हलवायचे.

चालायला लागल्यावर कळलं की तो तळवा घमेल्यातच राहत नाही. डावा पाय जमिनीवर टेकला की खालून तो टेकायचा. चप्पल असो नसो. चिखलात, मुरमावर, शाळेच्या फरशीवर. उजव्या पायाला नुसती जमीन लागायची. डाव्याला जमिनीच्या आतून कुणीतरी पाऊल द्यायचं.

आधी मला वाटायचं, मी पाय ठेवते म्हणून तो येतो. मग लक्षात आलं की तो आधीच तिथं असतो. मी पाय उचलून पुढं नेला की खाली उतरायच्या आत त्याची जागा कळायची. दोन बोटं डावीकडं, जरा पुढं. आणि माझा पाय बरोबर तिथंच पडायचा.

डॉक्टर खळीकरांनी पायावरून कापूस फिरवला, टाचणी टोचून बघितली. "बघा, शिकली की नाही शीर?"

"डॉक्टर, शिरेला दुसऱ्याचा पाय लागू शकतो का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे?"

"काही नाही."

मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? आमच्या घरात देव्हारा नव्हता. वाडीत कुणाच्या अंगात आलं की मी त्याचं ब्लडप्रेशर बघायला जायचे आणि वर चार गोष्टी सुनावून यायचे. आणि दुसरं म्हणजे, एखाद्या बाईबद्दल गावानं काय बोलायचं ठरवलं की ते पुसता येत नाही. आमच्या वस्तीतल्या बाईबद्दल तर नाहीच. सिस्टरबाईच्या पायाखाली काहीतरी आहे म्हटल्यावर टोचायला लेकरू कोण आणणार?

शिवाय पाय दुखत नव्हता. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठं कारण तेच होतं.

५

धुरपतामावशीच्या उजव्या टाचेत फार वर्षांपूर्वी बाभळीचा काटा मोडला होता. तो निघाला, पण तिथं चार आण्याच्या नाण्याएवढा कडक खड्डा राहिला आणि त्याच्या कडेनं एक आडवी भेग. पावसाळ्यात ती भेग उलायची, ठणकायची. मी कितीदा तिला मलम भरून पट्टी बांधली होती. त्या ऑगस्टात ती पाऊल टेकवेना. भिंत धरून यायची, तरी रोज यायची.

मीच म्हणाले, "मावशी, माझ्या घमेल्यात पाय ठेवून बघता का?"

"त्यात काय हाय? ज्वारीच हाय न्हवं?"

"ज्वारीच आहे."

ती मागच्या खोलीत गेली. मी बाहेर सिरिंज उकळत बसले. आतून दाणे सरकल्याचा आवाज येत होता, आधी सारखा, मग थांबून थांबून. मग बराच वेळ काहीच नाही.

अर्ध्या तासानं ती दारात येऊन उभी राहिली. चौकट धरली होती.

"काय मावशी?"

"काय न्हाई." तिनं पदर सारखा केला. "लय गार लागायलंय वो आत."

"धान्य गारच असतं."

ती चौकट धरूनच राहिली. "सिस्टरबाई, तुमाला बी..."

"काय?"

ती माझ्याकडं बघत होती. मी भांड्यातल्या उकळत्या पाण्याकडं बघितलं. मी तेव्हा एवढं म्हटलं असतं की हो मावशी, मलाही, तर आम्ही दोघींनी मिळून ते घमेलं उकिरड्यावर टाकलं असतं, आणि कदाचित हसलोही असतो. ती मला विचारत होती, आणि मी चिमट्यानं एक सुई उचलली, परत पाण्यात सोडली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "टाच न्हाई दुखायली, एवढं खरं."

मग चौकट सोडून ती अंगण ओलांडून गेली, सरळ, एकदाही न लंगडता.

६

पोळ्याच्या दिवशी सगळी वाडी वेशीपाशी होती. बैलांच्या गर्दीतून मला धुरपतामावशी येताना दिसली.

रस्ता सपाट होता. ती पायऱ्या उतरल्यासारखी चालत होती. गुडघा वाकवून पाय आधी खाली चाचपायचा, सापडला की भार टाकायचा. एक हात बाजूला, तिथं नसलेल्या भिंतीला धरल्यासारखा. पोरंठोरं हसायला लागली. तिचा मुलगा मुंजाजी बैलाची वेसण धरून उभा होता. तिशीतला गडी, मायला जपणारा.

"माय, असं काय चालायलीस?"

"उतार हाय बाबा."

"कुठं हाय उतार?"

मावशीनं खाली बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडं बघितलं, आणि तीही हसली. पण हसताना तिनं मुंजाजीचं मनगट धरलं होतं.

दोन दिवसांनी मी उपकेंद्राच्या ओट्यावरून आत जायला निघाले. फरशी एकसारखी, सहा वर्षं रोज चाललेली. डावा पाय टाकला आणि तो टेकायला हवा तेव्हा टेकला नाही. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त निघाली की काळजाचा जसा ठोका चुकतो, तसा चुकला. मग टेकला. डोळ्यांना पाय फरशीवरच दिसत होता. पण तळव्याला तळवा मिळाला तो वीतभर खाली मिळाला. आणि पुढच्या पावलाची जागाही मला कळली होती. ती आणखी वीतभर खाली होती.

मी मटकन खाली बसले. दोन्ही पाय वर घेतले आणि बसल्या बसल्या सरकत खोलीत गेले. घमेलं उलटं केलं. ज्वारी खोलीभर सांडली. पायाला घट्ट पट्टी गुंडाळली, पलंगावर चढले आणि डावा पाय जमिनीला लावलाच नाही.

संध्याकाळपर्यंत आग परत आली. पहिल्यापेक्षा दुप्पट. उशी तोंडात धरून मी ती सोसली.

मावशीला सांगायचं हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं. पण पाऊस लागला, दोन दिवस झड धरून राहिला, आणि मला पाय टाकता येत नव्हता. हे खरंच आहे. पण निरोप पाठवता आला असता. काय निरोप पाठवू, यावर मी दोन दिवस विचार करत राहिले, हेही खरंच आहे.

७

तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. मुंजाजी अंगणात उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

"सिस्टरबाई, माय इकडं आली का?"

मी काठी घेतली आणि डावा पाय उचलून धरत त्याच्याबरोबर निघाले. त्यांच्या घरामागं रब्बीसाठी मोकळं ठेवलेलं रान होतं. काळं, ओलं, पावसानं सपाट झालेलं. त्यावर दुसरं काही उमटलेलं नव्हतं, म्हणून पावलं लांबूनच दिसत होती. घराच्या बाजूच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, सरळ रानाच्या मधोमध.

पहिली पावलं चिखलात उमटतात तशी उथळ होती. दहाव्या-बाराव्याला घोटा बुडेल एवढी खोल. मग पोटरीएवढी. मग गुडघ्याएवढी. एकाआड एक, डावं उजवं, नीट अंतरावर. मी मोजली, एकतीस होती. शेवटच्या भोकात माझी काठी मांडीएवढी आत गेली. त्याच्यापुढं रान कोरं होतं. परतीचं पाऊल नव्हतं.

काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात बैलाचा पाय अडकून मोडतो. वरून बुजल्या तरी आत पोकळ राहतात. मी हे मनात म्हणत होते. पण ज्या माणसाचा पाय मांडीपर्यंत जातो ते माणूस पडतं, हात टेकतं, धडपडतं. तिथं हाताचा एक ठसा नव्हता. ती पडली नव्हती. ती चालत गेली होती.

मुंजाजी शेवटच्या भोकापाशी पालथा पडला आणि त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल चिखलाला टेकला होता. "माय," तो मातीत तोंड घालून म्हणाला. "माय गं."

मग त्यानं हात एकदम ओढून काढला आणि आपल्या तळहाताकडं बघत राहिला.

"काय लागलं?"

"मातीच हाय." त्यानं हात धोतराला पुसला. परत पुसला. "मी माणसं घेऊन येतो. तुमी थांबा इथं, ढोरं येऊ देऊ नका."

तो पळत गेला. सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन होतं, धुऱ्यावरच्या बाभळीवर कोतवाल पक्षी बोलत होता. मी चप्पल काढली, पायाची पट्टी सोडली. काठीवर भार देऊन बसले आणि डावा पाय त्या भोकात सोडला.

ओल्या मातीच्या कडा घासल्या तशा डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी सोडत गेले. मांडीपर्यंत गेल्यावर तळव्याला तळवा लागला आणि आग विझली.

टाचेत नाण्याएवढा खड्डा होता. त्याच्या कडेनं आडवी भेग. मी ती माझ्या बोटांनी किती वेळा भरली होती.

त्या तळव्यानं माझा पाय वर लोटला. एकदा, मग जोरात. मला वर ढकलत होता, की माझा आधार घेऊन स्वतः वर यायला बघत होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी पाय उपसून काढला आणि रांगत धुऱ्यापर्यंत आले.

मग माणसं आली. कुदळी, फावडी, पोलीस पाटील पंडितराव. पहिल्या घावाबरोबर कडा ढासळल्या आणि ती भोकं कुठं होती तेही कळेना. दोन पुरुष खोल खोदलं. खाली मुरूम लागला, मग पाणी झिरपायला लागलं. पाटील म्हणाले, नदीला पूर हाय, म्हातारी पलीकडून नदीकडं गेली असंल. ढोरं पडतील म्हणून दिवस मावळायच्या आत खड्डा बुजवला. फावड्यावर फावडं माती पडत होती. मी धुऱ्यावर बसून बघत होते. मी तोंड उघडलं नाही.

८

धुरपतामावशी नदीत सापडली नाही. मी त्या वर्षाअखेर बदली मागितली आणि परभणीला आले. पाय टेकला की आता नुसती जमीन लागते, आणि तो दुखतो. दर दोन महिन्यांनी डॉक्टर खळीकर नवीन गोळी सुचवतात, शीर मारायचं इंजेक्शन निघालंय म्हणतात. मी घेत नाही. ते म्हणतात, बाई, तुमच्यासारखी पेशंट बघितली नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या आठवड्यात, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, यजमान मिरवणुकीला गेले होते. मला एवढं चालवत नाही म्हणून मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून त्यांची वाट बघत होते. रस्त्यावरून निळे झेंडे जात होते, ओळखीच्या बाया लांबून "जय भीम, सिस्टर" म्हणत होत्या. तेवढ्यात मला बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुंजाजी दिसला. केस पिकले होते. बायकोला दवाखान्यात भरती करून गावाकडं निघाला होता.

"तुमी लवकर गेलाव वाडीतून," तो म्हणाला. "माय तुमचं लय नाव घ्यायची."

मला राहवलं नाही. पाच वर्षं यजमानांनाही न सांगितलेलं मी त्याला सगळं सांगितलं. घमेलं, ज्वारी, खालचा तळवा. दारात उभं राहून मावशीनं मला काय विचारायला घेतलं होतं ते. आणि तो माणसं आणायला गेला तेव्हा मी काय केलं ते.

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी पाय घातला व्हता? त्याच्यातच?"

"हो. मावशीचाच तळवा होता. टाच ओळखली मी."

एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली.

"गार व्हता का ऊन?" त्यानं विचारलं.

हे कुणी कधी विचारू नये म्हणून मी पाच वर्षं गप्प होते.

"ऊन," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. हळूहळू, बराच वेळ. "मला बी ऊनच लागला," तो म्हणाला. "मह्या तळहातावर टेकवला व्हता तिनं. मी मनलं मातीच असंल. दोन दिस पावसात भिजल्याली माती, सिस्टरबाई. ती कशी तापंल?"

त्यानं तळहात धोतराला पुसला.

"अन् सांजच्याला बुजवायला मीच पहिलं फावडं टाकलं."

"मुंजाजी," मी म्हणाले, "परत खोदायचं का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. लहान लेकरानं काहीतरी भलतंच विचारावं तसं.

"पाच वर्सं झाले की," तो म्हणाला.

ताडकळसची गाडी लागली. लोक पिशव्या घेऊन दाराशी धावले, कंडक्टरनं घंटी वाजवली. मुंजाजी उठला नाही. तेव्हा मला दिसलं की तो दोन्ही पाय बाकावर घेऊन बसला होता, आणि गाडीपर्यंतच्या दहा-पंधरा पावलांच्या मोकळ्या जमिनीकडं बघत होता.

मी उभी राहिले. पायातून आगीची तार डोक्यापर्यंत गेली. मी त्याच्यापुढं हात केला. त्यानं तो घट्ट धरला, डोळे मिटले, आणि पहिला पाय हळूच खाली सोडला.